टॅमचा अठरावा होल: गणपतीच्या देखाव्याच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

यंदाचा देखावा ठरला. गेल्या वर्षी पंढरपूर केलं होतं, त्याच्या आधी रायगड, आणि यंदा लेक म्हणाली की आई आपल्या गावाचं काहीतरी करू ना, आणि तिचं गाव म्हणजे नाइल्स, शिकागोला खेटून असलेलं, कारण ती इथेच जन्मली. मला आधी टूही अॅव्हेन्यूवरचा तो झुकता मनोरा सुचला, पिसाच्या मनोऱ्याची अर्ध्या मापाची नक्कल, पण तो सगळ्यांनी पाहिलेला आहे. मग नवरा म्हणाला टॅम कर. टॅम म्हणजे हॉवर्ड स्ट्रीटवरचा पार्क डिस्ट्रिक्टचा नऊ होलचा गोल्फ कोर्स, टॅम ओ'शँटर, जिथे तो शनिवारी सकाळी जातो. नाव त्या गोल, मध्ये गोंडा असलेल्या स्कॉटिश टोपीवरचं. मी म्हटलं तिथे काय आहे, गवत. तर म्हणे इथे एकेकाळी जगातली सगळ्यात जास्त बक्षिसाची गोल्फ स्पर्धा व्हायची, वर्ल्ड चँपियनशिप ऑफ गोल्फ, आणि ती १९५७ नंतर बंदच पडली.

आम्ही इथे अकरा वर्षं राहतोय, आणि मला हे माहीत नव्हतं. तेव्हा हेच करायचं. सगळं इथे लिहून ठेवते म्हणजे ऑगस्टमध्ये घाई झाली की शोधाशोध नको.

१५ जून, रविवार

दोन दिवस ऑफिसनंतर लायब्ररीत बसले. पहिलं काम, विजेत्यांचा तक्ता, कारण देखाव्याशेजारी एक माहितीचं कार्ड लागतंच. १९४६ सॅम स्नीड, १९४७ बेन होगन, १९४८ लॉइड मँग्रम, १९४९ जॉनी पामर, १९५० हेन्री रॅन्सम, १९५१ परत होगन, १९५२ ज्युलियस बोरोस, १९५३ ल्यू वॉर्शम, १९५४ बॉब टॉस्की, १९५५ परत बोरोस, १९५६ टेड क्रोल, १९५७ डिक मेयर. बारा वर्षं, दहा माणसं.

यात माझी अर्धी संध्याकाळ गेली कारण मी दोन स्पर्धा एकात घातल्या होत्या. त्याच मैदानावर ऑल अमेरिकन ओपन म्हणून दुसरी एक स्पर्धा व्हायची, ती १९४१ पासून, आणि मग वर्ल्ड सुरू झाल्यावर दोन्ही लागोपाठच्या आठवड्यांत व्हायला लागल्या. त्यामुळे १९५३ ला एका ठिकाणी मँग्रम जिंकला असं दिसतं आणि दुसऱ्या ठिकाणी वॉर्शम, आणि दोन्ही बरोबर आहे. तक्त्यात दोन रांगा केल्या. ऑल अमेरिकनच्या रांगेत सुरुवातीला बायरन नेल्सनच नेल्सन, १९४१, ४२, ४४, ४५, मध्ये फक्त १९४३ ला जग मॅकस्पाडन. आणि १९४५ चं नेल्सनचं जिंकणं म्हणजे त्याच्या त्या सलग ११ विजयांमधला दहावा, तोही ११ स्ट्रोक्सनी, म्हणजे ११ फटके कमी घेऊन, होगन आणि सॅराझेन मागे. सलग अकराचा तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही, आणि त्यातला दहावा आमच्या घरापासून गाडीने पाच मिनिटांवर झाला.

२१ जून, शनिवार

मापं. हा दिवस गणितात गेला.

आपण दाखवणार आहोत १९५३ चा अठरावा होल, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून चेंडू आत घालायच्या खड्ड्यापर्यंतचा अख्खा पट्टा. तेव्हा टॅमवर अठरा होल होते आणि त्या वर्षीची वर्ल्ड या शेवटच्या होलवर फिरली, ते पुढे लिहीन. चारशे यार्डांच्या थोडा पुढे लांबी, म्हणजे पावणेचारशे मीटर धरू. एकास तीनशे घेतलं तर सव्वा मीटर होतं. आमचं टेबल चार फुटी, म्हणजे १२२ सेंटिमीटर, थोडक्यात हुकतंय. लहान माप घेतलं तर माणसं दिसणार नाहीत, म्हणून होल टेबलावर तिरका टाकायचा, टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, एका कोपऱ्यात आणि ग्रीन, म्हणजे खड्ड्याभोवतीचं बारीक कापलेलं गवत, समोरच्या कोपऱ्यात, बाप्पा ग्रीनच्या मागे. म्हणजे प्रेक्षकांचा स्टँड बाप्पाच्या पायाशी येतो, ते मला फार आवडलं.

एकास तीनशेला माणूस सहा मिलिमीटरचा. सहा मिलिमीटर म्हणजे तांदळाचा दाणा! लेकीला हे कळलं तेव्हा ती उड्याच मारायला लागली. प्रेक्षक सगळे तांदळाचे करायचे, हळद कुंकू लावून, उभे चिकटवून. आंबेमोहोर बुटका पडतो, बासमती उंच, तर कोलम घेऊ.

फेअरवे, म्हणजे मधला गवताचा पट्टा, हिरव्या रांगोळीचा, बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांत, बारीक रवा, खाली फोम बोर्ड.

२८ जून, शनिवार

आज या दोन्ही स्पर्धा भरवणारा जॉर्ज मे. पूर्ण नाव जॉर्ज एस. मे, जन्म १८९०, आधी बायबलं विकायचा आणि मग बिझनेस कन्सल्टंट झाला, म्हणजे कारखान्यांत जाऊन तुमचं काम कमी वेळात कसं होईल ते सांगायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे. कंपनी जोरात चालली, टॅम ओ'शँटर क्लब त्याच्या हातात आला, आणि तिथे त्याने स्पर्धा भरवली ती उघड उघड कंपनीचं नाव व्हावं म्हणून. भडक फुलाफुलांचे शर्ट घालून मैदानभर फिरायचा.

पण त्याने केलं काय ते बघा. गोल्फ म्हणजे तेव्हा क्लबच्या मेंबरांचा खेळ, बाहेरच्या माणसाने कुंपणाबाहेरून बघायचा. याने तिकीट स्वस्त केलं, ग्रीनच्या कडेला बसायला स्टँड बांधले, लोकांना डबे आणू दिले, घरची मंडळी चादर टाकून गवतावर बसायची. मी वाचत होते आणि माझ्या डोळ्यासमोर सांगलीच्या गणेश दुर्गातली गर्दी आली, संबंध काही नाही, पण घरच्यांना घेऊन बघायला जायचं म्हटलं की मला तीच आठवते. खेळाडूंच्या पाठीवर नंबर लावायची त्याची कल्पना होती, म्हणजे लांबून लोकांना कळेल कोण आहे, त्यावरून खेळाडू भडकले. मला तरी ती मागणी रास्त वाटते. आज कॅडीच्या, म्हणजे खेळाडूची पिशवी उचलणाऱ्याच्या, पाठीवर खेळाडूचं नाव लिहिलेलं असतं, त्यात कुणाला अपमान वाटत नाही.

बायकांची स्पर्धाही त्याच मैदानावर त्याच आठवड्यात ठेवायचा, बेब झहारियास आणि पॅटी बर्ग तिथे पुन्हा पुन्हा जिंकल्या. बेब म्हणजे १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये भालाफेक आणि ८० मीटर अडथळ्यांत सोनं आणि उंच उडीत रुपं घेतलेली बाई, मग गोल्फकडे आली. कार्डावर बायकांची नावं हवीतच, मी आधीच्या तक्त्यात घातलीच नव्हती.

६ जुलै, रविवार (आषाढी)

खिचडी करून, विठ्ठलाला नमस्कार करून परत कामाला. आज पैशांची रांग भरली आणि एक गोष्ट अशी सापडली की मी नवऱ्याला किचनमधून हाक मारून बोलावलं.

१९४६ ची पहिली वर्ल्ड ही मोजक्याच खेळाडूंची होती, जिंकेल त्याला १० हजार डॉलर, बाकीच्यांना शून्य. १९५२ आणि ५३ ला पहिलं बक्षीस २५ हजार. आता शेजारी ठेवा: १९५३ हे बेन होगनचं सोन्याचं वर्ष, मास्टर्स, यूएस ओपन आणि ब्रिटिश ओपन या गोल्फमधल्या सगळ्यात मानाच्या स्पर्धा तिन्ही जिंकला, मास्टर्सचे त्याला ४ हजार मिळाले आणि यूएस ओपनचे ५ हजार. टॅमवरच्या एका आठवड्याचे २५ हजार. आणि १९५४ ला जॉर्ज मेने ते ५० हजार केलं, वर करार की माझ्या कंपनीसाठी ५० प्रदर्शनी सामने खेळ, दर सामन्याला एक हजार, म्हणजे आणखी ५० हजार. ते बॉब टॉस्कीला मिळालं, अगदी किरकोळ अंगाचा माणूस, त्याला माऊस म्हणायचे. पुढे तो गोल्फ शिकवणारा म्हणून मोठा झाला.

आणि सापडलेली गोष्ट ही: वर्षभरात सगळ्यात जास्त पैसे कोणी कमावले त्याची यादी असते ना, १९५२ बोरोस, ५३ वॉर्शम, ५४ टॉस्की, ५५ बोरोस, ५६ क्रोल, ५७ मेयर. म्हणजे माझ्या तक्त्यातलीच रांग जशीच्या तशी! सहाच्या सहा वर्षं, टॅमवर जो जिंकला तोच वर्षाचा सगळ्यात श्रीमंत गोल्फर. वॉर्शमची १९५३ ची पूर्ण कमाई ३४ हजारांच्या घरात, त्यातले २५ एका रविवारचे. टॉस्कीची ६५ हजारांवर, त्यातले ५०.

आणि स्पर्धा गेल्यावर? १९५७ ला मेयर ६५ हजारांच्या वर होता, १९५८ ला यादीत पहिला आला अर्नोल्ड पामर, ४२ हजारांच्या थोडा वर. अर्नोल्ड पामर! त्याच्यासारखा गाजलेला गोल्फर पहिला येऊन आकडा वीस हजारांनी खाली. एक माणूस बाजूला झाला तर एवढा खड्डा पडला.

१२ जुलै, शनिवार

फोम बोर्ड कापले. तीन थर, वरच्या थराला कडा घासून उतार दिला. उत्तरेकडची शिकागो नदीची शाखा या कोर्समधून जाते, ती दाखवायचा मोह होतोय पण आपल्याला एकच होल दाखवायचाय, नदी काढायला लागले तर फेअरवे बाजूला राहील. नको.

डिंकाने रांगोळी पिवळी पडते. फेविकॉल पातळ करून आधी लावायचा आणि वरून चाळणीने रांगोळी सोडायची, मग बसते. हे लक्षात ठेवायचं.

२० जुलै, रविवार

आज जे वाचलं त्याने हा सगळा देखावा माझ्यासाठी बदलला, म्हणून जरा जास्त लिहिते.

अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फर्सची जी संघटना, पीजीए, तिच्या नियमात लिहिलेलं होतं की मेंबर फक्त गोरा माणूस होऊ शकतो. हे कलम १९६१ पर्यंत होतं. १९६१! १९४२ च्या उन्हाळ्यात युद्धामुळे यूएस ओपन नव्हती, तिच्या जागी हेल अमेरिका नावाची स्पर्धा शिकागोतच रिजमूर क्लबवर झाली आणि तिथे काळ्या गोल्फर्सना खेळू दिलं नाही. त्याच उन्हाळ्यात, त्याच शहराच्या कडेला, जॉर्ज मेने टॅमच्या स्पर्धेत त्यांना घेतलं. मैदान माझं, स्पर्धा माझी, खेळा. आणि नंतरही दरवाजा उघडाच ठेवला.

टेड ऱ्होड्स आणि बिल स्पिलर ही दोन नावं मी आज पहिल्यांदा नीट वाचली. ऱ्होड्स नॅशव्हिलचा, बॉक्सर जो लुईला गोल्फ शिकवणारा. स्पिलर लॉस एंजेलिसच्या रेल्वे स्टेशनवर हमाली करायचा, लाल टोपी घालून, आणि सुट्टीत गोल्फ. जानेवारी १९४८ मध्ये दोघं लॉस एंजेलिस ओपनमध्ये पहिल्या साठात आले, नियमाप्रमाणे पुढच्या रिचमंड ओपनमध्ये थेट जागा मिळायला हवी, गेले, सराव केला, आणि त्यांना सांगितलं तुम्हाला खेळता येणार नाही. त्यांनी पीजीएवर दावा लावला, शेवटी तडजोड झाली, आणि प्रत्यक्षात फारसं काही बदललं नाही, कारण स्पर्धांनी स्वतःला 'ओपन' म्हणणं सोडून 'इन्व्हिटेशनल' म्हणायला सुरुवात केली, म्हणजे बोलावलं तरच या. या माणसांना वर्षातून मोठ्या स्पर्धा खेळायला मिळायच्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांत टॅम एक होती.

आता माझा तक्ता बघितला तर त्यात ही दोघं कुठेच नाहीत, कारण ती जिंकली नाहीत. वर्षातून तीनचार मोठ्या स्पर्धा मिळणारा माणूस कसा जिंकणार, बाकीचे दर आठवड्याला खेळतायत. जॉर्ज मेने हे पुण्य म्हणून केलं की प्रसिद्धी म्हणून, मला त्याचं फार पडलं नाही. गेट उघडं होतं. गावातल्या मंदिराच्या दारात कोण किती वर्षं बाहेर उभं राहिलं हे आपल्याकडे ज्यांनी ऐकलंय त्यांना उघड्या गेटची किंमत वेगळी सांगायला नको.

ठरवलं: कार्ड दोन. एक जिंकलेल्यांचं, दुसरं आत आलेल्यांचं. दुसरं मोठं.

२६ जुलै, शनिवार

कार्ड दोनचा मजकूर लिहिला, आईला सांगलीला फोनवर वाचून दाखवला. तिने एकच विचारलं, मग त्या दोघांना पुढे कधी मेंबर केलं का गं? केलं, २००९ ला, दोघंही वारल्यानंतर. थोडा वेळ ती काही बोलली नाही, मग म्हणाली तेही लिही. लिहिलं. नॅशव्हिलमध्ये ऱ्होड्सच्या नावाचा गोल्फ कोर्स आहे तेही लिहिलं.

२ ऑगस्ट, शनिवार

तांदूळ. साधारण चारशे दाणे रंगवले, कुंकवाचे ओले झाले की बोटं लाल होतात, लेकीचे दोन्ही हात आणि एक फ्रॉक. कुंकवाचे, हळदीचे, काही तसेच पांढरे. चिमट्याने उभे करायला वेळ लागतो, एका तासात साठ झाले. मैत्रिणी येणार आहेत उद्या मदतीला, त्यांना पोहे कबूल केलेत.

स्टँडच्या मागे एक काडी उभी केली आणि वर काळा मणी, मंगळसूत्राच्या सुट्या मण्यांतला, तो कॅमेरा. त्याबद्दल पुढच्या शनिवारी लिहिते, कारण त्या दिवशी तारीखच तशी आहे.

९ ऑगस्ट, शनिवार (राखी पौर्णिमा)

आज बहात्तर वर्षं झाली. ९ ऑगस्ट १९५३, रविवार.

गोल्फ टीव्हीवर याआधी एकदा दिसलं होतं पण फक्त एका शहरात, १९४७ ची यूएस ओपन, सेंट लुईसमध्ये, स्थानिक चॅनलवर, आणि ती जिंकली होती याच ल्यू वॉर्शमने, प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवायच्या जादा खेळात, सॅम स्नीडला हरवून. शेवटच्या ग्रीनवर स्नीड पट करायला, म्हणजे चेंडू हलकेच होलमध्ये ढकलायला, उभा राहिला तर वॉर्शम म्हणाला थांब, होलपासून कुणाचा चेंडू लांब आहे ते मोजू, टेप आणली, स्नीडचाच लांब निघाला, त्याने मारला आणि हुकला. देशभर थेट दिसलेली पहिली स्पर्धा मात्र टॅमची ही, एबीसीवर, आणि त्या प्रसारणासाठी जॉर्ज मेने चॅनलला स्वतः पैसे दिले होते. अठराव्या ग्रीनच्या मागे एक कॅमेरा, बस. अंदाजे दहा लाख लोक बघत होते.

चँडलर हार्पर खेळून संपला होता, एकूण २७९ फटक्यांत, आणि गोल्फमध्ये कमी फटक्यांचा जिंकतो. शेवटच्या होलवर त्याचा चेंडू होलच्या अगदी जवळ येऊन थांबलेला आणि तो बर्डी, म्हणजे ठरलेल्या चार फटक्यांपेक्षा एक कमी, करून बाहेर आलेला, सगळे त्याचं अभिनंदन करत होते. मागून वॉर्शम येतोय, त्याला बरोबरी करायला बर्डी हवी आणि जिंकायला ईगल, म्हणजे दोन फटक्यांत होल संपवायचा. पहिला फटका मारून झालाय, होल १०४ यार्डांवर आहे, हातात वेज, जवळचा फटका मारायची काठी. त्याने मारला, चेंडू ग्रीनच्या पुढच्या भागात पडला, घरंगळत निघाला, घरंगळत, घरंगळत, आणि आत. एका फटक्याने पुढे, २७८. दुसऱ्या नंबरचं बक्षीस १० हजार, पहिलं २५. हार्पर साधा माणूस नव्हता, १९५० ची पीजीए चँपियनशिप जिंकलेला, आणि उभ्या उभ्या त्याच्या हातून ते गेलं. कॉमेंट्री करणारा जिमी डेमारेट, स्वतः तीनदा मास्टर्स जिंकलेला, त्याच्या तोंडून थेट प्रसारणात शिवी गेली.

लगेच पुढच्या वर्षी, १९५४ ला, यूएस ओपन देशभर टीव्हीवर आली आणि १९५६ ला मास्टर्स. मला वाटतं तो चेंडू काठावर थांबला असता तरी टीव्ही आलाच असता, पण इतक्या लवकर आणि इतक्या उत्साहाने आला असता का, मला नाही वाटत.

एकास तीनशेला १०४ यार्ड म्हणजे ३२ सेंटिमीटर. पट्टी ठेवून मोजलं, तिथे वॉर्शमचा दाणा उभा केला, हा एकच दाणा बासमतीचा. चेंडूला खसखस. खरं तर मापाने खसखशीचा दाणाही खूप मोठा पडतो, पण त्याहून बारीक काही केलं तर कुणाला दिसणारच नाही. नारळीभात झाल्यावर सगळ्यांनी एकदा चेंडू ढकलून आत घालून पाहिला.

१६ ऑगस्ट, शनिवार

बंद का पडली, हे कार्डावर चार ओळींत लिहायचं होतं, चार वेळा लिहून खोडलं.

पीजीए आणि जॉर्ज मे यांचं कधीच धड जमलं नाही. नंबर लावण्यावरून, शर्टांवरून, गोंगाटावरून, आणि शेवटी खेळाडूंच्या एंट्री फीवरून, ती कुणी भरायची आणि कुणाकडे जायची. एवढ्या मोठ्या बक्षिसापुढे एंट्री फी म्हणजे किरकोळ रक्कम, पण वाद रकमेचा नव्हताच, मैदानावर कुणाचं चालणार याचा होता. १९५८ ला त्याने दोन्ही स्पर्धा बंद करून टाकल्या. खेळाडूंची बाजूही मला कळते, ज्याच्या त्याच्या कंपनीची जाहिरात पाठीवर का घेऊन फिरायची. पण ज्यांचा यात सगळ्यात जास्त तोटा झाला ते ऱ्होड्स आणि स्पिलर त्या भांडणात कुठल्याच बाजूला नव्हते, त्यांना कुणी विचारलंही नाही. हे वाक्य कार्डावर ठेवलं.

जॉर्ज मे १९६२ ला गेला. १९६४ आणि ६५ ला वेस्टर्न ओपन टॅमवर झाली, ची ची रॉड्रिगेज आणि बिली कॅस्पर जिंकले, आणि मग जमीन विकली गेली, बहुतेक जागेवर कारखाने आणि गोदामं उभी राहिली, राहिलेल्या तुकड्यात हे नऊ होल.

२३ ऑगस्ट, शनिवार

सकाळी नवऱ्याबरोबर टॅमवर गेले, पहिल्यांदाच, खेळायला नाही, बघायला. एका बाजूला ट्रक मागे घेताना वाजतात तो आवाज सतत येत होता. दोन आजोबा शांतपणे पट करत होते, त्यांच्या पुढे एक काळी मुलगी आणि तिचे वडील, ती असेल बारा वर्षांची, सुरेख स्विंग. मी नुसती बघत राहिले.

घरी येऊन दोन छोटे कागदी झेंडे केले, एकावर ऱ्होड्स एकावर स्पिलर, आणि फेअरवेच्या अगदी मधोमध लावले, बाजूला नाही. तिसरा झेंडा बेबचा, तो लेकीने स्वतः रंगवला.

२६ ऑगस्ट, मंगळवार (हरतालिका)

डेव्हन अॅव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांतून दूर्वा, केवडा मिळाला नाही, जास्वंद मिळाली. स्टँडचे वीसेक दाणे पडले होते ते परत चिकटवले. दोन्ही कार्डं छापून आली. दुसऱ्या कार्डाला जागा पुरेना म्हणून जिंकलेल्यांचं कार्ड टेबलाच्या कडेला सरकवलं.

३१ ऑगस्ट, रविवार

पाच दिवसांत चाळीसेक लोक येऊन गेले. लेकीने पहिल्या दिवशीच नियम केला की दर आरतीला खसखस थोडी पुढे सरकवायची, टीपासून निघून वॉर्शमच्या दाण्यापर्यंत शनिवारी रात्री पोहोचली. आज विसर्जनाच्या आरतीनंतर तिने फुंकर मारली आणि पहिल्याच फुंकरीत ती होलमध्ये गेली, सगळी मुलं ओरडली. ती आता फोम बोर्डच्या खालच्या थरात अडकलीये, काढली नाही. मंडळातल्या एक काकू दुसरं कार्ड घरी वाचायला घेऊन गेल्या आहेत, त्यांच्याकडून ते परत आणायचंय.